मानेतल्या लाइनचं इन्फेक्शन रक्तात गेलं, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा: “बाबूजींना न्यूमोनिया झाला म्हणून भंडाऱ्याहून नागपूरला आणलं, एका खासगी रुग्णालयात आयसीयूत होते. आठव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला, बोलायला लागले. अकराव्या दिवशी एकदम हुडहुडी भरून ताप आला, बीपी पडलं. डॉक्टर म्हणाले, मानेतल्या लाइनचं इन्फेक्शन रक्तात गेलं. बाबूजी वाचले, पण आणखी तीन आठवडे दवाखान्यात गेले. बरं व्हायला गेलेल्या माणसाला दवाखान्यातच हे कसं होतं? कुणाची चूक? आणि आता आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन नागपुरातच ठरलं आहे. तिच्या वेळी आम्ही काय बघायचं?”

मी नागपुरात चोवीस वर्षं नर्सिंग करते आहे. पहिली बारा वर्षं आयसीयूत गेली, नंतर संसर्ग नियंत्रणाचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे रोज सकाळी वॉर्डावॉर्डांतून फिरायचं आणि कुणाच्या अंगात कोणती नळी आहे, ती किती दिवसांपासून आहे, अजून लागते का, हे बघायचं. बाबूजी वाचले हे वाचून फार बरं वाटलं. या संसर्गातून सगळे वाचत नाहीत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०११ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार सेंट्रल लाइनमधून (बाबूजींच्या मानेत होती तशी मोठ्या शिरेतली नळी) रक्तात संसर्ग गेलेल्या रुग्णांपैकी १२ ते २५ टक्के दगावतात. आपल्याकडे औषधांना दाद न देणारे जंतू जास्त आहेत, त्यामुळे आपल्याला तर आणखी सावध राहायला हवं.

आधी नळीविषयी सांगते, कारण बहुतेक नातेवाइकांच्या मनात एक गैरसमज असतो. हाताला “सलाईनची सुई” लावली असं आपण म्हणतो, पण सुई आत राहत नाही. शीर सापडली की सुई काढून घेतात. आत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी, आम्ही तिला इंट्राकॅथ म्हणतो. गुलाबी, निळी, हिरवी असे तिचे रंग दिसतात, ते जाडीचे असतात. बाबूजींना मानेत होती ती सेंट्रल लाइन. ही लांब असते, मानेतल्या किंवा कॉलरबोनखालच्या मोठ्या शिरेतून आत सरकवतात आणि तिचं टोक हृदयाच्या अगदी दाराशी पोचतं. बीपी धरून ठेवणारी तीव्र औषधं हाताच्या बारीक शिरेतून फार वेळ देता येत नाहीत, शीर जळते. म्हणून ही लाइन लागते. व्हेंटिलेटरवरच्या, बीपी पडलेल्या माणसाला ती घालणं ही बहुतेक वेळा गरजच असते. तेव्हा ‘लाइन घातलीच कशाला’ हा राग मनात असेल तर तो काढून टाका. त्या आठ दिवसांत त्याच नळीने बाबूजींना तारलं असेल.

आता जंतू आत जातात कसे? दोन वाटा आहेत. एक बाहेरून, नळी जिथे कातडीत शिरते तिथून. आपल्या कातडीवर जंतू असतातच, तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. नळीच्या बाहेरच्या अंगाने ते हळूहळू खाली उतरतात. पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत झालेल्या संसर्गात ही वाट जास्त सापडते. दुसरी वाट नळीच्या आतून. लाइनच्या तोंडाशी जिथे सिरिंज किंवा सलाईनचा सेट जोडतात त्याला आम्ही हब म्हणतो. तो हब उघडणाऱ्या हातावरून, न पुसलेल्या टोपणावरून जंतू आत ढकलले जातात. लाइन जसजशी जुनी होते तसतशी ही वाट मोठी होते. बाबूजींना अकराव्या दिवशी ताप आला, म्हणजे दोन्ही वाटा खुल्या होत्या.

आत गेलेले जंतू काय करतात हे नागपूरकराला चटकन कळेल अशा भाषेत सांगते. उन्हाळा संपल्यावर कूलरची टाकी धुवायला घेतली की आतून बोट फिरवा, एक बुळबुळीत थर लागतो. पाणी बदललं तरी तो जात नाही, फिनाईल ओतलं तरी पूर्ण जात नाही, घासावाच लागतो. नळीच्या आत जंतू असाच थर धरतात. त्या थराच्या आत ते सुरक्षित असतात, अँटिबायोटिक तिथपर्यंत नीट पोचत नाही. अधूनमधून थराचा तुकडा सुटतो, रक्तात जातो, माणसाला थंडी भरते. टाकी घासता येते, शिरेतली नळी घासता येत नाही. म्हणून डॉक्टर अशा वेळी बहुधा लाइनच काढून टाकतात. ताप आल्यावर बाबूजींची लाइन काढली असेल आणि गरजेप्रमाणे दुसरीकडे नवी घातली असेल, तर ते बरोबरच झालं.

तुम्ही लिहिलं आहे की हुडहुडी ‘एकदम’ भरली. त्या दिवशी लाइनमधून औषध किंवा फ्लश (नळी साफ ठेवायला सोडतात ते थोडं सलाईन) दिल्यानंतर थोड्याच वेळात ती भरली होती का, हे आठवून बघा. आयसीयूत काम केलेली कुठलीही सिस्टर हे चित्र ओळखते. पेशंट चांगला बोलत असतो, इंजेक्शन जातं, अर्ध्या तासात दात वाजायला लागतात, पलंग हलतो, दोन ब्लँकेटं घातली तरी थांबत नाही. ते बघितलं की आधी नजर लाइनकडे जाते. मग रक्ताचं कल्चर (रक्त बाटलीत ठेवून त्यात कोणते जंतू वाढतात ते बघण्याची तपासणी) घेतात, आणि ते अँटिबायोटिक बदलण्याआधी घ्यायचं असतं. एक नमुना लाइनमधून, एक हाताच्या शिरेतून, दोन्ही एकाच वेळी. लाइनच्या बाटलीत जंतू हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी वाढले, तर उगम लाइनमध्येच आहे असं धरतात. फाईलमध्ये हे दोन रिपोर्ट असतील तर त्यांवरची वेळ बघा.

चूक कुणाची, हा तुमचा खरा प्रश्न. मी त्याला बगल देणार नाही. संसर्ग झाला एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. सगळं नीट करूनही काही जणांना होतो, विशेषतः ज्यांची मधुमेहाने किंवा केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खालावलेली असते त्यांना. पण यातले बरेचसे संसर्ग टाळता येतात, हेही तितकंच खरं आहे, आणि हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन्स हॉपकिन्सचे डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शंभरावर आयसीयूंमध्ये एक काम केलं, ते २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. पाचच गोष्टी: लाइन घालण्याआधी हात स्वच्छ करणं, टोपी-मास्क-गाऊन-ग्लोव्ह्ज आणि पेशंटवर पूर्ण अंगभर निर्जंतुक चादर, कातडीला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, आणि नको असलेली लाइन काढणं. तिथल्या आयसीयूंचा मधला आकडा दर हजार लाइन-दिवसांमागे (एका पेशंटची लाइन एक दिवस राहिली की एक लाइन-दिवस) २.७ संसर्गांवरून तीन महिन्यांत शून्यावर आला, आणि दीड वर्षापर्यंत खालीच राहिला.

त्या कामातली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती एक गोष्ट बातमीत फारशी येत नाही. डॉक्टर लाइन घालताना एखादी पायरी चुकले तर त्यांना थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला होता, आणि रुग्णालयाचे वरिष्ठ तिच्या पाठीशी उभे होते. आपल्याकडे हे सोपं नाही. रात्री अडीच वाजता पेशंटचं बीपी ६० आहे, सर घाईत आहेत, चादर छोटी घेतली आहे. तेव्हा तेवीस वर्षांच्या मुलीने “सर, एक मिनिट थांबा, मोठी चादर देते” म्हणायला धैर्य लागतं. आमच्याकडे हे रुजवायला वर्षं लागली. आता नवीन मुलगी रुजू झाली की पहिल्या आठवड्यात मी तिच्याकडून हे वाक्य मोठ्याने म्हणून घेते, कारण तोंडाला सवय नसेल तर रात्री अडीचला ते बाहेर येत नाही.

पण लाइन घालताना होणारी काळजी ही अर्धीच गोष्ट आहे. ती अर्ध्या तासाची असते. नंतरचे दहा दिवस कोण बघतं? मला तुम्हाला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच. लाइन घालण्याचा क्षण सगळ्यांना दिसतो. धोका वाढतो तो नंतर, रोज थोडा थोडा, प्रत्येक वेळी हब उघडला की आणि ती काढायची राहून गेली की. साधा हिशेब करा. एक अँटिबायोटिक दिवसातून तीनदा. दर वेळी आधी फ्लश, मग औषध, मग पुन्हा फ्लश. म्हणजे एका औषधासाठी दिवसातून नऊ वेळा सिरिंज जोडायची. अशी तीन औषधं असतील तर सत्तावीस. त्यात पोटॅशियम, रक्त तपासणी, संपलेली बाटली बदलणं वेगळं. दर वेळी हात स्वच्छ हवा, दर वेळी हब अल्कोहोलच्या स्वॅबने पाच ते पंधरा सेकंद घासून पुसायला हवा, आणि मग सुकू द्यायला हवा. पंधरा सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. दोन सिस्टर आणि बारा पेशंट असलेल्या वॉर्डात घड्याळ लावून उभं राहिलं की ते केवढे असतात ते कळतं. म्हणून एखाद्या सिस्टरवर बोट ठेवण्याआधी त्या पाळीत किती जणी होत्या, हे मी आधी विचारते.

काही सवयी मात्र कामाच्या ताणाच्या नावाखालीही चालवून घेऊ नयेत असं माझं मत आहे. स्टीलच्या वाटीत सकाळी स्पिरिटमध्ये भिजवून ठेवलेले कापसाचे बोळे ही त्यातली पहिली. दिवसभर त्यात बोटं जातात, स्पिरिट उडून जातं, संध्याकाळी उरतो तो ओला कापूस. जागतिक आरोग्य संघटनेने इंजेक्शनविषयीच्या मार्गदर्शनात असे आधीच भिजवून ठेवलेले बोळे वापरू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. दुसरी, औषधाच्या मोठ्या बाटलीच्या रबरी झाकणात सुई तशीच खुपसून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी पटकन ओढता येतं. ती सुई म्हणजे बाटलीला पाडलेलं उघडं भोक. तिसरी, सलाईनची एकच पाचशे मिलीची बाटली ‘फ्लशसाठी’ म्हणून सगळ्या वॉर्डाला वापरायची. त्या एका बाटलीत जंतू गेले की चार खाटांवर चार जणांना एकाच दिवशी थंडी भरते. आणि चौथी, सलाईन भरभर पडावं म्हणून कडक प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला हवेसाठी सुई टोचायची. त्या सुईतून वॉर्डातली हवा थेट सलाईनमध्ये जाते. आपोआप आकसणाऱ्या मऊ पिशव्या वापरल्या तर ही सुई लागतच नाही. अशी सुई टोचलेली दिसली तर शांतपणे विचारा, “सिस्टर, ही कशासाठी?” त्या प्रश्नाने कुणाचा अपमान होत नाही.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचाही यात वाटा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वॉर्डात कूलर असले तरी माणूस घामाने निथळतो. लाइनवरचं पारदर्शक ड्रेसिंग सात दिवस टिकायला हवं, पण घामाने त्याची कड दुसऱ्याच दिवशी सुटते. मग वरून मायक्रोपोरच्या पट्ट्या डकवतात. ते बरोबर नाही. कड सुटली, आत ओल दिसली, रक्त साचलं, तर तारीख काहीही असो, ड्रेसिंग काढून, क्लोरहेक्सिडिनने साफ करून, सुकू देऊन नवीन लावायचं. फार घाम येणाऱ्याला पारदर्शकापेक्षा गॉजचं ड्रेसिंग बरं, ते घाम शोषतं, मात्र दर दोन दिवसांनी बदलावं लागतं. क्लोरहेक्सिडिन लावल्यावर अर्धा मिनिट तरी सुकू द्यायचं, फुंकर मारायची नाही, पंखा घालायचा नाही. ओल्यावरच चिकटवलं तर ते काम करत नाही आणि कातडीही सोलते. आयसीयूत रोज क्लोरहेक्सिडिनच्या वाइप्सने अंग पुसलं तर त्याचाही फायदा होतो.

आता आईकडे येते. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला बहुधा सेंट्रल लाइन लागत नाही, हाताचा इंट्राकॅथ पुरतो. लोक त्याला किरकोळ समजतात. रक्तात संसर्ग जाण्याचं प्रमाण हाताच्या इंट्राकॅथमध्ये सेंट्रल लाइनपेक्षा पुष्कळ कमी आहे, हे खरं. पण इंट्राकॅथ असतात किती! दवाखान्यात दाखल झालेल्या बहुतेकांच्या हाताला एक असतोच, त्यामुळे थोडक्या प्रमाणातूनही माणसं भरपूर होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये खास या हाताच्या नळ्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती याच कारणाने.

माझ्या सुरुवातीच्या काळातला एक पेशंट मी विसरले नाही. जेमतेम तिशीचा शेतकरी, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, सहाव्या दिवशी घरी जायचा होता. इंजेक्शनं तीन दिवसांपूर्वीच बंद होऊन गोळ्या सुरू झाल्या होत्या. इंट्राकॅथ मात्र तसाच, ‘असू दे, लागला तर’ म्हणून. सकाळी तो म्हणाला, “सिस्टर, हात ठणकून राहिला.” पट्टी काढली. मनगटापासून कोपरापर्यंत शीर दोरीसारखी कडक, वरून लाल, आणि नळी काढल्याबरोबर मागून पिवळा थेंब आला. मी तो थेंब बघितला तेव्हा मला कळलं की ही नळी तीन दिवस माझ्याच डोळ्यांसमोर होती. कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला. हात बरा झाला. दोन आठवड्यांनी तो कंबर धरून परत आला, वाकता येईना. जंतू रक्तातून मणक्यात जाऊन बसले होते. पुढे सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. पेरणीचा हंगाम गेला. नको असलेली एक नळी, बाकी काही नाही.

म्हणून आईच्या बाबतीत रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न विचारा: “डॉक्टर, आज ही नळी लागते का?” आई तोंडाने पाणी-जेवण घ्यायला लागली, इंजेक्शनांऐवजी गोळ्या सुरू झाल्या, की नळी काढता येते का ते विचारा. बहुतेक डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो. घाईच्या राउंडमध्ये तोच राहून जातो, तुम्ही आठवण करून दिलीत तर मदतच होते. हीच गोष्ट नळी घालण्याआधीपासूनच लागू आहे. आपल्याकडे थकवा आला, ऊन लागलं, की लोक स्वतःहून “एक सलाईन चढवून द्या” म्हणतात. पिऊ शकणाऱ्या माणसाला सलाईनची गरज क्वचितच असते, आणि जी नळी घातलीच नाही तिच्यातून जंतू जात नाहीत.

बाकी बघायचं ते असं. पट्टीवर तारीख-वेळ लिहिली आहे का बघा, नसेल तर लिहून घ्या. प्रौढांमध्ये ठरावीक दिवशी बदलायचा की त्रास दिसल्यावर, यावर रुग्णालयांचे नियम वेगवेगळे आहेत. बरीच ठिकाणं तीन-चार दिवसांनी बदलतात, आणि रोज नीट तपासणी होत असेल तर त्रास दिसेपर्यंत ठेवणंही मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की रोज तपासणी खरोखर व्हायला हवी. नळीच्या तोंडाशी दुखणं, लाली, सूज, गरमपणा, शीर कडक लागणं, औषध जाताना आग होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच सांगा, संध्याकाळच्या राउंडची वाट बघू नका. घाईगर्दीत, रस्त्यात किंवा अँब्युलन्समध्ये घातलेला इंट्राकॅथ असेल तर तो चोवीस तासांत, जमल्यास त्याआधीच बदलून घ्यावा.

तुमच्या हाताने करायच्या नाहीत अशाही काही गोष्टी आहेत, आणि त्या मी रोज बघते. बाथरूमला जायचं म्हणून नातेवाईक सेट स्वतः काढतात, टोक तसंच लटकत राहतं, परत आल्यावर जोडतात. असं करू नका, बेल वाजवा. ठिबकण्याचा वेग स्वतः वाढवू नका. सुजलेल्या शिरेवर हळद किंवा घरातलं मलम लावू नका. त्याने लाली झाकली जाते आणि आम्हाला खरं काय ते दिसत नाही. देवाचा दोरा मनगटात बांधायचा असेल तर दुसऱ्या हाताला बांधा. श्रद्धेला माझी ना नाही, पण इंट्राकॅथजवळचा दोरा ओला राहतो आणि पट्टी उचलतो. आंघोळीच्या वेळी हात प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळा. भेटायला येणाऱ्यांनी हात धुवूनच आईच्या हाताला हात लावावा. पलंगाला अडकवलेली हँडरबची बाटली तुमच्यासाठीही आहे.

एक आगळीवेगळी सूचना, सगळ्यांना लागू नाही, पण विदर्भात सांगायलाच हवी. घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा किडनीचा आजार वाढतो आहे, तर हाताच्या शिरा जपा. वारंवार टोचून शिरा संपल्या की मग मानेतल्या नळ्या घालाव्या लागतात आणि संसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. किडनीच्या पेशंटने वेळेत हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडण्याचं छोटं ऑपरेशन) करून घेणं हे डायलिसिसच्या नळीपेक्षा केव्हाही सुरक्षित. आणि डायलिसिसची नळी असेलच तर ती फक्त डायलिसिससाठी. तिच्यातून सलाईन, रक्त तपासणी असं काही करू देऊ नका.

बाबूजींच्या फाईलचं काय करायचं ते सांगते. मनात शंका असेल तर भांडायला जाऊ नका, कागद मागा. लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत लिहिलेलं आहे. त्यात चार गोष्टी शोधा. लाइन कोणत्या दिवशी घातली. व्हेंटिलेटर निघाल्यावर, बीपीची औषधं बंद झाल्यावर ती का ठेवली याची नोंद आहे का. ताप आल्यावर कल्चर किती वेळात घेतलं. लाइन कधी काढली. आठव्या दिवशी बरं वाटायला लागलं आणि अकराव्या दिवशी ताप आला, या मधल्या तीन दिवसांत लाइनची गरज होती का, हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शिरेतून दुसरी काही तीव्र औषधं चालू असतील तर उत्तर ‘होती’ असंही येईल. चांगलं रुग्णालय हजार लाइन-दिवसांमागे किती संसर्ग झाले याचा आकडा ठेवतं. एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं मानांकन असलेल्यांना तो ठेवावाच लागतो. तोही विचारा.

रिपोर्टमध्ये जंतूचं नाव असेल. आपल्याकडच्या आयसीयूंत क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर फार सापडतात, आणि त्यांतले बरेच मेरोपेनेमसारख्या तीव्र अँटिबायोटिकलाही जुमानत नाहीत. मग कोलिस्टिनसारखी औषधं लागतात, ती किडनीला जड जातात. तसं औषध दिलं असेल तर बाबूजींचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्त तपासणी) आता पुन्हा तपासून घ्या. नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस असेल तर हृदयाच्या झडपांवर जंतू बसले नाहीत ना, यासाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली होती का बघा. त्या जंतूला शिरेतून किमान दोन आठवडे औषध लागतं, गुंतागुंत असेल तर चार ते सहा. म्हणून ते तीन आठवडे वाया गेले असं समजू नका. कँडिडा म्हणजे बुरशी असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यायचा असतो, नजरेची तक्रार नसली तरी. आणि कुठलाही जंतू असो, पुढच्या दोन-तीन महिन्यांत नवी पाठदुखी, सांधेदुखी किंवा न जाणारा ताप आला तर ‘वयामुळे’ म्हणून सोडू नका. त्या डॉक्टरांना हा सगळा इतिहास सांगा.

आईच्या डिस्चार्जच्या दिवशी गाडी बोलावण्याआधी तिचे दोन्ही हात बाह्या वर करून बघा. इंट्राकॅथ लावलेलाच पेशंट घरी गेल्याचं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. जिथे नळी होती ती जागा बोटाने हलकी दाबून बघा, आणि घरी गेल्यावरही आठवडाभर रोज एकदा बघा. थंडी वाजून ताप आला तर गावातल्या दवाखान्यात पहिलं वाक्य हे सांगा की अमुक तारखेपर्यंत हाताला नळी होती, आणि अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन देण्याआधी रक्ताचं कल्चर घेता येईल का ते विचारा. तिथे सोय नसेल आणि आईचं बीपी खाली असेल तर कल्चरसाठी थांबू नका. औषध सुरू करून तिला लगेच नागपूरला घेऊन या.